दीड तासाच्या व्हिडिओने हात शिकत नाहीत

प्रति,
बडोद्यातील शाळांची विश्वस्त मंडळे, नर्सिंग महाविद्यालयांची व्यवस्थापने आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे वेळापत्रक मंजूर करणारे अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी काही संस्थांनी ठरवले आहे की, येत्या सत्रापासून शिक्षकांचे आरोग्य-प्रशिक्षण दोन दिवस वर्गात न घेता दीड तासाच्या व्हिडिओवर उरकायचे. शेवटी वीस प्रश्न, पर्यायावर टिचकी आणि लगेच प्रमाणपत्र. त्याच सुमारास नर्सिंगच्या विद्यार्थिनींचे शाळांत जाऊन शिकवण्याचे दिवसही कापले गेले, कारण वॉर्डात माणसे कमी पडतात. निर्णय दोन, फायली दोन. पण शाळेच्या बाजूने पाहिले तर हा एकच निर्णय आहे : शिक्षकांच्या शेजारी उभे राहून शिकवायला ज्या मुली येत होत्या त्या येणार नाहीत, आणि शिक्षक मोबाइलसमोर एकटे बसणार.

हे मुकाट्याने मान्य करणे आम्हाला जमणार नाही. आम्ही या शहरात नर्सिंग शिकवणारे, शाळांत आरोग्याचे वर्ग घेणारे आणि रोज फळ्यासमोर उभे राहणारे लोक आहोत. आमची मुले, भाचरे, नातवंडे याच शहरातल्या मराठी, गुजराती आणि इंग्रजी शाळांत जातात. पत्र आपल्या नावाने आहे, पण ते पालकांनीही वाचावे म्हणून उघडे ठेवले आहे.

व्हिडिओला आमचा विरोध नाही. व्हिडिओ माहिती देतो, आणि चांगला असला तर नीट देतो. पण तो बघणाऱ्याची चूक पकडू शकत नाही. आरोग्याच्या प्रशिक्षणातला निम्म्याहून जास्त भाग चुका पकडण्याचाच असतो. त्या चुका कोणत्या, कशा होतात आणि त्याचे पुढे काय होते, ते एकदा तपशिलाने मांडतो, म्हणजे नेमके काय कापले गेले ते आपल्या लक्षात येईल.

सर्वात आधी सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरते ठेवणे. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य माणसासाठी सुचवलेली पद्धत मुद्दाम सोपी ठेवली आहे : खांदे हलवून हाक मारा, श्वास पाहा, १०८ ला फोन करा आणि छातीच्या मधोमध दाबायला लागा. मोठ्या माणसात मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. लहान मुलात छातीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. मुलांच्या बाबतीत, त्यातही बुडालेल्या मुलाच्या बाबतीत, श्वास देणेही महत्त्वाचे असते, म्हणून शिक्षकाला ३० दाब आणि २ श्वास हेही यायला हवे. एवढे व्हिडिओत मावते. पुढचे मावत नाही.

पहिल्यांदा सरावाच्या पुतळ्यावर दाबताना बहुतेकांचे कोपर वाकते. कोपर वाकले की दंडाच्या ताकदीने दाबले जाते आणि अर्ध्या मिनिटात हात भरून येतात. कोपर ताठ ठेवून खांदे थेट छातीवर आणले की वजन आपोआप खाली जाते. दुसरी चूक म्हणजे तळव्याऐवजी बोटे टेकणे. त्यामुळे दाब फासळ्यांवर जातो. तिसरी चूक सर्वात लपलेली : दाबल्यावर छाती पुरती वर येऊ न देणे. छाती वर येते तेव्हाच हृदयात रक्त परत भरते. सतत अर्धवट दाबून ठेवले तर आपण रिकामी पिशवी पिळत राहतो. चौथी चूक वेगाची. घाबरलेला माणूस सुरुवातीला १४० च्या गतीने दाबतो आणि एका मिनिटानंतर त्याची खोली तीन सेंटिमीटरवर येते, पण त्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो आणि म्हणूनच एका शाळेत एका नव्हे, चार जणांना हे यावे लागते. पुतळ्यात खोली पुरेशी झाली की 'टक्' असा आवाज येतो. पहिल्या फेरीत तो आवाज किती जणांना काढता येत नाही, हे ज्याने एकदा पाहिले तो दीड तासाच्या व्हिडिओवर सही करणार नाही.

आणि ही कला टिकत नाही. शिकल्यावर तीन ते सहा महिन्यांत हात विसरायला लागतात. मग वर्षातून एकदा पाहिलेला व्हिडिओ कुणाला पुरणार?

घशात काही अडकण्याचे तसेच. शाळेत हे डब्याच्या सुट्टीतच व्हायचे : शेंगदाणा, द्राक्ष, बोर, पेनाचे टोपण. मूल खोकत असेल तर खोकू द्यायचे. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले, हात गळ्याशी गेले, की पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये तळव्याने पाच जोरकस थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर मुठीने आत-वर असे पाच धक्के, आणि असेच आळीपाळीने. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर धक्के द्यायचे नाहीत, छातीवर द्यायचे. तोंडात बोट घालून चाचपायचे नाही, अडकलेली वस्तू आणखी खाली जाते. हे वाचून सगळ्यांना पटते. पण समोरचे मूल सव्वा मीटरचे आणि शिक्षिका दीड मीटरची असली तर तिला गुडघ्यावर बसूनच धक्के द्यावे लागतात, हे करून पाहिल्याशिवाय सुचत नाही. उभ्याने केले की मूठ बरगड्यांवर जाते.

आता भाषेची गोष्ट, जिचा आपल्या व्हिडिओत विचारच झालेला नाही. आजी म्हणते 'आकडी आली'. शेजारच्या बाकावरच्या मुलाची आई म्हणते 'खेंच आवी'. शिक्षक म्हणतात 'फिट आली'. व्हिडिओ म्हणतो 'सीझर'. प्रश्नपत्रिकेत विचारले की सीझर आल्यास तोंडात चमचा घालावा का, तर शंभरातले शंभर जण 'नाही'वर टिचकी मारतात. आणि वर्गात मूल खाली पडून थरथरू लागले की त्यातलेच कुणी किल्ल्यांचा जुडगा हातात देते, कुणी कांदा आणायला पळते, कुणी चप्पल नाकाशी धरते, कुणी हातपाय दाबून धरते. कारण त्या शिक्षकाच्या मनात 'सीझर' आणि 'आकडी' यांची गाठ कधी पडलेलीच नसते. प्रत्यक्ष वर्गात आम्ही चौघांना चार वेगळ्या भाषांतले शब्द आधी बोलायला लावतो, मग एकाला जमिनीवर पाडतो आणि बाकीच्यांना काम वाटून देतो : एक जण घड्याळ बघणार, एक जण बाक आणि दप्तरे बाजूला सारणार, एक जण डोक्याखाली दुमडलेला स्वेटर सरकवणार, एक जण बाकी मुलांना बाहेर नेणार. झटके थांबले की कुशीवर वळवायचे, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर येते. पाच मिनिटांहून जास्त चालले, किंवा एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरे सुरू झाले, तर १०८. तोंडात पाणीसुद्धा नाही, पूर्ण भान येईपर्यंत. घड्याळ बघणारा माणूस नेमला नाही तर 'पंधरा मिनिटे चालले' असे सगळे शपथेवर सांगतात आणि प्रत्यक्षात दोन मिनिटे झालेली असतात. डॉक्टरांना खरा आकडा लागतो.

ओआरएसचे तर सगळ्यांना येते असे गृहीत धरले जाते. ते येत नाही. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. त्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम हे प्रमाण मोजून ठरवलेले आहे. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशीतून जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. जोडी बिघडली की पाणी उलट बाहेर ओढले जाते. शाळेतली बाटली बहुधा ५०० किंवा ७५० मिलिलिटरची. शिक्षक एक लिटरचे अख्खे पाकीट तीत ओततात, नाहीतर 'अंदाजाने अर्धे' घालतात आणि उरलेले उघडे पाकीट कपाटात ठेवतात. पहिल्याने द्रावण घट्ट आणि खारट होते, मुलाचे जुलाब वाढतात, शरीरात मीठ जास्त होते. दुसऱ्याने पावडर ओल धरून गोळा होते. उपाय साधा आहे : शाळेत एक लिटरची खूण केलेले भांडे ठेवा, पाकीट एकदाच अख्खे त्यात घाला, चव अश्रूंपेक्षा जास्त खारट लागत नाही ना ते स्वतः बघा, २४ तासांनी उरलेले टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. 'सपाट' या शब्दावर आम्ही प्रत्येक वर्गात दहा मिनिटे घालवतो, कारण शीग लावलेला चमचा आणि सपाट चमचा यांत जवळजवळ दुप्पट फरक पडतो. आईने झिंक विचारले तर सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण.

इथे एक मुद्दाम सांगतो. दुकानात ओआरएस हे नाव लावून गोड पेये विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, तसे नाव लावायला मनाई केली. आपल्या व्हिडिओत मात्र अजून शिक्षक मुलाच्या हातात तयार गोड पेयाचा खोका देताना दिसतो. हा व्हिडिओ दुरुस्त होईपर्यंत दाखवला जाऊ नये.

डोळ्यांची तपासणी. सहा मीटर अंतर, भिंतीवर 'ई'चा तक्ता, एकेक डोळा. किती सोपे! पण बऱ्याच वर्गांची लांबी सहा मीटर भरत नाही, मग शिक्षक पाच मीटरवर उभे करतात आणि चष्मा लागलेले मूल 'पास' होते. व्हरांड्यात घ्यावे लागते. व्हरांड्यात तक्त्यावर ऊन पडले की चकाकी येते, मग तक्ता सावलीत आणि उजेड मुलाच्या पाठीमागून असा लावावा लागतो. सुतळीला सहा मीटरवर गाठ मारून तीच सुतळी तक्त्याच्या पिशवीत ठेवली की दरवेळी पट्टी शोधावी लागत नाही. मूल बोटांनी डोळा झाकते तेव्हा बोटांच्या फटीतून बघते, मुद्दाम नव्हे, सवयीने. तळवा वाटीसारखा धरायला सांगायचा, डोळा दाबायचा नाही, दाबला तर उघडल्यावर दोन मिनिटे धूसर दिसते. रांगेत उभी असलेली मुले पुढच्याची उत्तरे पाठ करतात, म्हणून रांग तक्त्याकडे पाठ करून उभी करायची आणि दर मुलाला तक्ता फिरवायचा. ज्याला नुसता उजवा डोळा चालतो ते मूल दोन्ही डोळ्यांनी सगळे वाचते, वर्षानुवर्षे कुणाला कळत नाही, आणि त्या वर्षांत दुसरा डोळा मंद होत जातो. एक डोळा नीट न झाकल्यामुळे एका मुलाची दृष्टी जाऊ शकते, एवढे हे गंभीर आहे. हे शिकवायला अर्धा दिवस लागतो. आपण त्याला व्हिडिओत चार मिनिटे दिली आहेत.

गोळ्यांच्या दिवसाबद्दल थोडक्यात. निळी गोळी मोठ्या मुलांना (लोह ६० मिलिग्रॅम, फॉलिक आम्ल ५०० मायक्रोग्रॅम), गुलाबी लहान मुलांना (४५ मिलिग्रॅम आणि ४०० मायक्रोग्रॅम), दोन्ही आठवड्यातून एकदा. जेवणानंतरच द्यायची, सोबत चहा नाही. शौच काळे होईल हे आधीच सांगायचे, म्हणजे घरी घबराट होत नाही. उपाशी पोटी दिली की पहिले मूल ओकते, त्याला पाहून दुसरे, आणि तासाभरात व्हॉट्सअॅपवर 'विषबाधा' होते. पुढचे वर्षभर पालक गोळी नाकारतात. ज्या मुलाला थॅलेसेमिया आहे किंवा ज्याला वारंवार रक्त चढते त्याला ही गोळी द्यायची नाही. आपल्या पूर्वेकडच्या आदिवासी पट्ट्यातून शहरात आलेल्या मुलांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असतो, त्यांचे तपासणीचे कार्ड आधी बघायचे आणि डॉक्टरांना विचारायचे. ही यादी शिक्षकाकडे हवी, मुख्याध्यापकांच्या कपाटात नव्हे. जंताची गोळी चावूनच खायची. रडणाऱ्या छोट्या मुलाचे नाक दाबून ती घशात कोंबली की श्वासनलिकेत जाऊ शकते. अंगणवाडीत ती कुटून पाण्यात कालवून द्यायची.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शिरले तेव्हा समा-फतेहगंजच्या वस्त्यांनी जे भोगले ते आपल्याला वेगळे सांगायला नको. पुराच्या दिवशी नव्हे, पूर ओसरल्यावर शाळेचे खरे काम सुरू होते. शाळा उघडायच्या आधी टाकी रिकामी करून घासायची, गाळ काढायचा, मगच क्लोरीन. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकले तर ते गाळावरच खर्च होते आणि जंतूंपर्यंत पोचत नाही. अर्ध्या ग्रॅमची क्लोरीनची गोळी २० लिटर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला पुरते, पण टाकून अर्धा तास थांबायचे. ब्लीचिंग पावडरचा डबा उघडा राहिला की तिचा जोर उडून जातो, नुसती पांढरी भुकटी उरते. पाण्यात उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम आहे का, ते ऑर्थोटॉलिडीनचे थेंब टाकून पिवळ्या रंगावरून पाहता येते. ही पेटी महाग नाही आणि पट्टेवाल्यालाही दहा मिनिटांत शिकवता येते. आम्ही मुद्दाम 'पट्टेवाल्याला' म्हणतो, कारण टाकीवर तोच चढतो, आणि आजवर त्याला एकाही प्रशिक्षणाला बोलावलेले नाही. चिखलातून अनवाणी आलेल्या मुलाला पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर लेप्टोस्पायरोसिसचा (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा) विचार करून लगेच डॉक्टरकडे पाठवायचे, हे वर्गशिक्षकाला ठाऊक असले पाहिजे.

आता नर्सिंगच्या विद्यार्थिनींबद्दल, म्हणजे दुसऱ्या फायलीबद्दल.

'हेल्थ टॉक', म्हणजे लोकांसमोर आरोग्याचा धडा घेणे, हा त्यांच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे, कुणी केलेली मेहेरबानी नाही. त्यांचे वेळापत्रक कापून त्यांना वॉर्डात पाठवले की वॉर्डाची गरज भागते, पण मग लॉगबुकात तो रकाना कसा भरतो? जुन्या बॅचचा चार्ट पेपर, नवीन तारीख आणि सही. असे चार्ट आम्ही पाहिले आहेत : 'हँड हायजीन' हे शीर्षक इंग्रजीत, चकाकीने लिहिलेले, खाली डाउनलोड केलेली सहा चित्रे, आणि ऐकणाऱ्या आया गुजराती आणि मराठी बोलणाऱ्या. अशा वर्गातून आई काहीच घेऊन जात नाही आणि विद्यार्थिनीही काही शिकत नाही. शिकवता येणे हे नर्सचे कौशल्य आहे. इन्सुलिनचे पेन कसे धरायचे, टाक्यांची काळजी कशी घ्यायची, हे डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांना तिनेच सांगायचे असते.

हात धुण्याचा धडा तीच मुलगी नीट तयारी करून घेते तेव्हा काय होते ते बघा. मुलाच्या हातात पातळ हातमोजे, डोळ्यांवर रुमाल, तळव्यावर चमचाभर पोस्टर रंग, आणि सांगायचे, 'साबण समजून धू.' रुमाल काढला की रंग कुठे लागला नाही ते दिसते : अंगठा, बोटांची टोके, बोटांच्या मधल्या फटी. दरवेळी तेच तीन भाग. मुलाला पुढे कुणी ओरडावे लागत नाही, ते स्वतःच अंगठा मुठीत धरून फिरवायला लागते. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद लागतात हेही त्याला घड्याळावरून कळते. खर्च हातमोज्यांची एक जोडी आणि रंगाची एक बाटली.

त्या मुलींच्या स्वतःच्या सुरक्षेचे प्रशिक्षणही याच कात्रीत सापडले आहे. देशभर सगळ्या बालकांना हिपॅटायटिस बी या रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस २०११ पासून मिळू लागली. आज पहिल्या वर्षाला असलेल्या मुली त्याआधी जन्मलेल्या आहेत, म्हणजे अनेकींना ती मिळालेली नसेल. लसीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. माणसे कमी आहेत म्हणून पहिल्या डोसाच्या आठवड्यातच मुलीला इंजेक्शनच्या ट्रॉलीशी उभे करणे आम्हाला मान्य नाही. सुई टोचली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे, पिळायचे नाही, स्पिरिट ओतायचे नाही, लगेच ड्यूटीवरच्या सिस्टरला सांगायचे. एचआयव्हीविरोधी औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावे लागते, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही, आणि ते २८ दिवस घ्यायचे असते. 'ओरडा बसेल' म्हणून मुली दोन दिवस गप्प बसतात आणि तेच तास निसटतात. सुईला टोपण परत लावायचे नाही, हे वाक्य भिंतीवर असते. पण हब कटर (वापरलेली सुई कापण्याचे साधन) वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला असला तर मुलगी टोपण लावूनच तिथवर चालत जाणार. कटर आणि पांढरा, टोचून भोक न पडणारा डबा ट्रॉलीवरच हवा. ही चूक विद्यार्थिनीची नाही, मांडणीची आहे, आणि ती ट्यूटर सोबत असेल तरच सापडते.

आपली अडचण आम्हाला कळते. दोन दिवस शिक्षक शाळेबाहेर गेले तर वर्ग कोण सांभाळणार, पुतळे महाग, ट्यूटर कमी. म्हणूनच आम्ही जुन्या पद्धतीवर हट्ट धरत नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक शिक्षक आणि एक शिक्षिका, या कामासाठी नेमायचे आहेत आणि आठवड्याला एक तास द्यायचा आहे. चौकट तयार आहे. आणि हे बडोदे आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू केले. आधी एका तालुक्यात करून बघायचे, मग सगळीकडे न्यायचे, ही याच शहराची रीत आहे. आपणही दहा शाळांत करून बघा.

आमच्या मागण्या अशा :

१. व्हिडिओ ठेवा, पण घरी बघण्यासाठी. त्यानंतर प्रत्येक शिक्षकाला किमान सहा तास हाताने करून पाहण्याचे मिळावेत, एका वेळी एका पुतळ्यामागे सहापेक्षा जास्त जण नकोत. पुतळे प्रत्येक शाळेने घेण्याची गरज नाही. आठ-दहा शाळांनी मिळून एक संच घ्यावा आणि तो फिरवावा.

२. दर चार महिन्यांनी शाळेतच पाऊण तासाची उजळणी. प्रमाणपत्रावर शेवटच्या उजळणीची तारीख लिहिलेली असावी. तारीख नसेल तर ते प्रमाणपत्र धरू नये.

३. नर्सिंगच्या विद्यार्थिनींचे शाळेतले दिवस पूर्ववत करावेत, सोबत ट्यूटर असावी, आणि त्या दिवसांत त्यांना वॉर्डात परत बोलावू नये. हिपॅटायटिस बीचे किमान दोन डोस झाल्याशिवाय सुईच्या कामाला लावू नये.

४. सगळे साहित्य मराठी, गुजराती आणि हिंदीत, बोलीतल्या शब्दांसह. भाषांतर छापायच्या आधी एका आईला आणि एका शिक्षकाला वाचायला द्यावे.

५. पट्टेवाला, बसचे चालक, मध्यान्ह भोजन करणाऱ्या बायका यांनाही या वर्गात घ्यावे. मूल अडखळून पडते तेव्हा बऱ्याचदा जवळ तेच असतात.

६. प्रथमोपचाराची पेटी कुलपात नसावी. तिच्या झाकणावर आतल्या वस्तूंची आणि मुदत संपण्याच्या तारखांची यादी चिकटवावी, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती कुणी तपासली त्याची सही असावी. दम्याच्या मुलाचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) त्याच्या नावाच्या पिशवीत वर्गातच असावा.

७. ओआरएसचा चुकीचा भाग असलेला व्हिडिओ आजच मागे घ्यावा.

पहिले दोन वर्ग आम्ही कोणतेही मानधन न घेता घेऊ. पुतळे, तक्ते, सुतळी आमच्याकडे आहे. आपण फक्त शाळा आणि तारीख कळवावी. जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, आपले लेखी उत्तर यावे अशी विनंती आहे. उत्तर आले की ते आम्ही याच पत्राखाली जसेच्या तसे लावू.

आपले,
बडोद्यातील काही नर्सिंग ट्यूटर, परिचारिका आणि शिक्षक